मधले शंभर फूट

दोर हाताला गुंडाळायचा नाही. बॅराज बलूनच्या, म्हणजे शत्रूची विमानं खाली येऊ नयेत म्हणून पोलादी तारेला बांधून उंच सोडायच्या मोठ्या फुग्याच्या, कवायतीत पहिल्या दिवशी हे शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत ओरडून सांगत राहतात. दोर दोन्ही मुठींत धरायचा, ओढ आवरेनाशी झाली तर क्षणात सोडता येईल असा. मनगटाला एक वेढा दिला की पकड घट्ट वाटते. वाऱ्याचा झोत आला की तोच वेढा आवळतो आणि माणूस दोराबरोबर वर उचलला जातो. जमिनीपासून पाय सुटल्यावर दोर सोडावा की धरून ठेवावा, हे ठरवायला वेळ नसतो. म्हणून नियम असा, की पाय सुटायच्या आधी दोर सुटला पाहिजे, आणि सगळ्यांचा एकदम, आज्ञेवर. एकीनेच सोडला तर तिचा भार उरलेल्यांवर येतो.

इंग्लंडच्या मध्य भागात आम्ही काही हौशी मंडळी दर उन्हाळ्यात ही कवायत करतो. दुसऱ्या महायुद्धात विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्सच्या, म्हणजे ‘वॅफ’च्या मुलींनी जे काम केलं, ते पायरीपायरीने हातांनी करून बघायचं, एवढाच उद्देश. आमचा फुगा मूळ फुग्याहून बराच लहान आणि हेलियमचा आहे. दोर, गाठी, खुंट्या, विंच (तार गुंडाळायचं आणि सोडायचं यंत्र) आणि आज्ञा मात्र त्या काळच्या पद्धतीच्या. या मुलींबद्दल जिथे-तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं, की पुरुषांचं ताकदीचं काम बायकांनी करून दाखवलं. कवायत पुन्हापुन्हा केल्यावर आमचं मत वेगळं झालं आहे. ताकद लागते, पण काम ताकदीचं नाही, वारा ओळखण्याचं आहे. फुगा हजारो फुटांवर असताना फारसा त्रास देत नाही आणि जमिनीला नीट बांधलेला असतानाही देत नाही. सगळा धोका या दोहोंच्या मधल्या शंभर फुटांत असतो.

आधी वस्तू समजून घेऊ. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त वापरलेला फुगा एलझेड जातीचा, म्हणजे कमी उंचीवर उडवायचा. लांबी सुमारे ६२ फूट, सगळ्यात रुंद भागी व्यास सुमारे २५ फूट, पोटात १९,१५० घनफूट वायू, म्हणजे साधारण ५४० घनमीटर. कापड सुती, दुपदरी, रबर चढवलेलं आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा लेप दिलेलं. जुन्या छायाचित्रांत हे फुगे चंदेरी दिसतात ते या लेपामुळे. लेपाचं काम ऊन परतवण्याचं, कारण उन्हाने रबर तडकतं आणि आतला वायू तापतो.

आकाशात हा फुगा जाडजूड माशासारखा दिसतो, पण मागचे तीन पंख शोभेचे नाहीत. ते हवेने फुगतात आणि फुग्याचं नाक कायम वाऱ्याकडे ठेवतात. पोटाच्या खालच्या भागात हवेचा वेगळा कप्पा असतो. वायू वर, हवा खाली आणि मध्ये कापडाचा सैल पडदा. कप्प्याला पुढच्या बाजूने वाऱ्याकडे उघडणारं एक तोंड असतं, त्यातून वारा स्वतःच आत भरतो. ५,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे वर जाताना वायू फुगतो, पडदा खाली ढकलतो आणि कप्प्यातली हवा बाहेर जाते. खाली येताना उलट घडतं: वायू आकसतो आणि त्याची जागा वारा भरून काढतो. म्हणून फुगा दोन्ही उंचींवर टणक राहतो. ही युक्ती नसती तर वर फाटला असता आणि खाली उतरताना चिंध्यासारखा लोंबला असता. वायू मर्यादेबाहेर फुगलाच तर पडदा पुरता खाली दाबला जातो, एक दोरी ताणली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो.

इथे पहिली चूक होते. भरताना वायू जास्त झाला तर फुगा जमिनीवर छान गोटीबंद दिसतो, पण ठरलेल्या उंचीच्या आधीच व्हॉल्व्ह उघडतो आणि महागडा हायड्रोजन हवेत जातो. कमी भरला तर तारेचं वजन पेलत नाही. फुगा जसजसा चढतो तसतशी खालून तार सुटत जाते, म्हणजे त्याला दर फुटागणिक जास्त वजन उचलावं लागतं. जमिनीवर बघून ‘पुरे’ म्हणायचं ते उद्याच्या उंचीचा हिशेब मनात धरून. पाठोपाठ हायड्रोजनच्या शुद्धतेचा प्रश्न येतो. रबर चढवलेल्या कापडातूनही वायू झिरपतो आणि बाहेरची हवा आत शिरते. १० टक्के हवा मिसळली की उचल साधारण तेवढीच घटते. पूर्ण भरलेल्या फुग्याची सगळी उचल ६०० किलोच्या आसपास, त्यातले ६० किलो गेले. शिवाय हवा मिसळलेला हायड्रोजन पेट घेतो. म्हणून शुद्धता तपासत राहायची, वायू अधूनमधून वरून भरायचा आणि फारच बिघडला तर फुगा रिकामा करून पुन्हा भरायचा.

भरण्याची रीत अशी. जमिनीवर मोठं जाड कापड अंथरायचं. त्याखालचा दगड न् दगड आधी वेचायचा, कारण एक टोकदार खडा पुढचे चार तास ठिगळं लावायला लावतो. त्यावर फुगा पसरायचा, नाक वाऱ्याकडे. कडेने वाळूच्या पिशव्या अडकवायच्या. सिलिंडरांच्या गाडीपासून आलेली नळी फुग्याच्या कापडी बाहीत घालून बांधायची. सिलिंडर हळू उघडायचा. घाईने उघडला तर नळी सापासारखी उसळते, आणि वेगाने सुटणारा हायड्रोजन ठिणगीशिवायही पेटू शकतो. दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतही नाही. म्हणून भरताना जवळपास सिगारेट नाही, काडेपेटी नाही, खिळे मारलेले बूट नाहीत. आम्ही हेलियम वापरतो तरी हे नियम पाळतो. सवय लागली नाही तर कवायतीला अर्थ राहत नाही.

वायू शिरला की कापडाच्या मधोमध एक उंचवटा येतो आणि तो वाढत जातो. आता लक्ष पिशव्यांकडे. फुगा उठेल तशा पिशव्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खालच्या कड्यांवर सरकवायच्या. एक बाजू मागे राहिली की फुगा कलंडतो आणि वायू एका कडेला धावतो. तिथे खरोखर चौदा माणसं लागतात, पण ओढायला नाही. प्रत्येकीची नजर समोरच्या बाजूच्या जोडीदारणीवर हवी, एवढ्यासाठी.

माणसांचा आकडा निघालाच आहे तर तो हिशेब इथेच सांगते. हे फुगे सांभाळणारं हवाई दलाचं बलून कमांड १ नोव्हेंबर १९३८ ला उभं राहिलं. १९४० च्या मध्यापर्यंत ब्रिटनभर सुमारे १,४०० फुगे होते, त्यातले जवळजवळ एक-तृतीयांश लंडनवर. एकेका ठिकाणावर दहाच्या आसपास पुरुष अडकून पडलेले. १९४१ च्या सुरुवातीला कमांडचे प्रमुख सर लेस्ली गॉसेज यांनी विचारलं, की हे काम बायका करतील का. आधी नकारच जास्त होता: उघड्यावर राहणं, रात्रीचे पहारे, बर्फातले दोर. त्या एप्रिलमध्ये फुग्यांची शिलाई-दुरुस्ती करणाऱ्या वीस मुलींनी आपणहून नाव दिलं. बेडफर्डशरमधल्या कार्डिंग्टनला, जिथे पूर्वी आर-१०१ हे हवाई जहाज बांधलं गेलं, त्याच प्रचंड शेडच्या आवारात त्यांना शिकवलं गेलं. प्रयोग जमला आणि मग एकामागून एक ठिकाणं ‘वॅफ’च्या ताब्यात गेली. पुरुषांच्या जागी चौदा ते सोळा मुली नेमल्या. सुमारे १०,००० पुरुष यामुळे दुसऱ्या कामांना मोकळे झाले. पगार मात्र पुरुषांच्या दोन-तृतीयांश. हे वाचलं की आजही संताप येतो, कारण वाऱ्याने कधी कुणाला एक-तृतीयांश सूट दिली नाही.

आता उड्डाण. फुग्याच्या पोटावर ठिकठिकाणी कापडी पट्टे चिकटवलेले असतात. त्यांतून निघणाऱ्या वायर एका ठिकाणी जुळतात आणि तिथे मुख्य तार जोडतात. बाजूंनी लोंबणारे दोर वेगळे, ते फक्त हाताळण्यासाठी. मुख्य तार पोलादी, अनेक बारीक तारांचा पीळ. ती फुग्यापासून खाली येते, तळाच्या मधोमध जमिनीत पक्क्या बसवलेल्या कप्पीतून वळते आणि विंचच्या ड्रमवर जाते. विंच बहुधा फोर्डसन लॉरीवर, फोर्डच्या व्ही-८ इंजिनाने फिरणारं. चालवणारी जाळीच्या पिंजऱ्यात बसते. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी परत येते, त्यासाठी तो पिंजरा.

क्रम ठरलेला. विंचवाली तार ताणून धरते. नाकाचा दोर धरणाऱ्या दोघी वाऱ्याच्या बाजूला. बाकीच्या बाजूच्या दोरांवर. प्रमुख कॉर्पोरल सगळ्यांना दिसेल अशा जागी उभी, हात वर. पिशव्या निघतात आणि आता फुगा फक्त दोरांवर आणि तारेवर असतो. ‘सोडा’ म्हटल्यावर विंच तार देऊ लागतं, बायका दोर हातातून सरकू देतात आणि दोरांची टोकं निसटली की लगेच मागे सरतात. पुढची काही मिनिटं कुणीही तारेखाली जात नाही.

आणि इथेच मधले शंभर फूट सुरू होतात. जमिनीलगतचा वारा सरळ नसतो. घरांच्या रांगा, झाडं, गिरणीच्या चिमण्या यांना आपटून तो वळतो, उसळतो, भोवरे घेतो. फुगा त्या भोवऱ्यात सापडला की नाक डोलवतो. नाक एका बाजूला गेलं की रुंद कूस वाऱ्यासमोर येते, आणि मग ओढ एकदम वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे गणित कागदावर साधं दिसतं. तेच हातातल्या दोरात कळतं तेव्हा पाठीचा कणा थरारतो. उपाय सगळ्यांना उलटा वाटतो: घाबरून तार रोखायची नाही, लगेच वर द्यायची. फुगा चटकन त्या गढूळ वाऱ्याच्या वर गेला की आपोआप स्थिरावतो. नवशिकी विंचवाली फुगा डोलताना बघून ब्रेक दाबते. तसा तो त्याच भोवऱ्यात अडकून राहतो, प्रत्येक हेलकाव्याला तारेला हिसका बसतो आणि एखादा पट्टा कापडासकट उपटून निघतो.

कॉव्हेंट्रीतल्या एका ठिकाणाचं लॉरा नाइट यांनी १९४३ मध्ये केलेलं तैलचित्र प्रसिद्ध आहे. त्यात मुली दोर ओढताना दिसतात, मागे शहराच्या चिमण्या. आम्ही ते चित्र दोरांसाठी बघतो. अंग मागे झुकलेलं, भार पायांवर, आणि मागच्या चिमण्या बघितल्या की तिथला वारा कसा असेल ते कळतं.

तारेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण निम्म्या दुर्घटना तारेत दडलेल्या असतात. ड्रमवर तार गुंडाळताना वेढे शेजारी-शेजारी, ताणलेले बसले पाहिजेत. तार सैल असताना गुंडाळली तर वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांत रुततो. दुसऱ्या दिवशी फुगा सोडताना तिथे तार क्षणभर अडते आणि हिसक्याने सुटते. म्हणून फुगा जमिनीवर असताना ड्रमवर तार घ्यायची झाली तर कुणीतरी ती ताणून धरतं. दुसरा प्रकार मुरडीचा. सैल तारेला फास पडला आणि तो तसाच ओढला गेला तर तारेचा पीळ मोडतो. मग ती हातोड्याने सरळ करा, वरून तेल लावा, दिसायला सरळ दिसेल, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तसं आहे: आत मुरड राहतेच आणि ताण पडला की तार तिथेच तुटते. मुरड दिसली की तो तुकडा कापायचा आणि दोन टोकं विणून जोडायची.

ही विणणी हातात बसायला आठवडे लागतात. पोलादी तारेचे पीळ उलगडायचे, टोकदार लोखंडी दाभणाने दुसऱ्या टोकाचे पीळ फाकवायचे, एकाआड एक खुपसत जायचं, प्रत्येक फेरीत घट्ट ओढायचं, शेवटी टोकं बारीक करून गुंडाळायची. एखादी सुटलेली काडी हातमोज्यातून थेट तळहातात जाते. गाठींपैकी बोलाइन अंधारात, पाठीमागे हात धरून बांधता आलीच पाहिजे. ती ताणाखाली सरकत नाही आणि ताण गेल्यावर सहज सुटते. ओल्या, गोठलेल्या दोरावर हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

तारेचं शस्त्र होतं ते तिच्या दोन टोकांना. वरच्या टोकाजवळ एक आणि खालच्या टोकाजवळ एक असा जोड बसवलेला असे. प्रत्येकात बारूदावर चालणारी छोटी छिन्नी आणि गुंडाळलेली हवाई छत्री. विमान तारेवर आदळलं की हिसक्याने दोन्ही छिन्न्या तार कापतात. मधली तार विमानाच्या पंखाला लटकते, दोन टोकांच्या दोन छत्र्या उघडतात आणि विमानाला मागे खेचतात. फुगा सुटून भरकटू नये म्हणून त्याच झटक्यात त्याचं कापड फाडणारी वायरही होती. हा जोड तळावर हाताळताना आधी निर्धोक करायचा, हे कवायतीत तीनदा मोठ्याने म्हणावं लागे. आमच्याकडे बारूद नाही, लाकडी नमुना आहे. तरी तोही न बोलता हातात घेत नाही.

तरी या फुग्यांचं खरं काम विमानं पाडणं नव्हतं. विमानांना खाली येऊ न देणं, हे होतं. तारांचं रान उभं असलं की वैमानिक ५,००० फुटांच्या वर राहतो. तिथून नेम चुकतो आणि खालच्या तोफांना नेम धरायला वेळ मिळतो. ज्या रात्री काहीच झालं नाही, ती यशाची रात्र. हे सैनिकाच्या मनाला पटायला कठीण जातं. या मुली महिनोन्‌महिने तसं काम करत राहिल्या.

फुगा वर गेल्यावर वाट बघायची, पण हात रिकामे नसतात. ऊन चढलं की वायू तापतो, उचल वाढते आणि तार तटतटते. ढग आला की काही मिनिटांत उतरते. पाऊस पडला तर फुग्याच्या पाठीवर पाणी चिकटून राहतं. पाव मिलिमीटर जाडीचं पाणी म्हणजे चौरस मीटरला पाव किलो, आणि पाठ शंभर चौरस मीटरच्या वर. पंचवीस-तीस किलो असे न दिसता वाढतात. बर्फ त्याहून वाईट, कारण तो शेपटीवर जास्त साचला की नाक वर जातं आणि फुगा वाऱ्याला पोट दाखवतो. तारेचा कोन बघायची सवय यासाठीच. तार उभी असेल तर ठीक. ती झुकू लागली, की एकतर वारा वाढतोय किंवा उचल कमी होतेय. दोन्हीत उपाय वेगळा, म्हणून आधी ताण बघायचा: झुकलेली आणि ताणलेली म्हणजे वारा, झुकलेली आणि ढिली म्हणजे फुगा जड झाला.

विजेचं भय सगळ्यात मोठं. हजारो फुटांची पोलादी तार म्हणजे विजेला दिलेला जिना. गडगडाट दूर असला तरी तारेत भार साठतो. विंच जाड तारेने जमिनीशी जोडलेलं असतं, पण त्यावर भरवसा ठेवून चालत नाही. लॉरीवरून एक पाय जमिनीवर आणि एक हात लोखंडावर असं उतरायचं नाही, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, म्हणजे अंग दोहोंमध्ये दुवा होत नाही. चढतानाही तसंच. वादळाच्या दिवसांत एकामागून एक फुगे पेटून खाली आले, असं अनेक शहरांत घडलं.

फुगे सुटतही. सप्टेंबर १९४० च्या वादळात तारा तुटून बरेच फुगे उत्तर समुद्रापलीकडे गेले आणि लोंबत्या तारांनी तिथल्या विजेच्या वाहिन्या तोडल्या. त्यातून ब्रिटिश नौदलाला कल्पना सुचली. मार्च १९४२ पासून फेलिक्स्टोच्या किनाऱ्यावरून छोटे मोकळे फुगे, खाली तारा किंवा आगलावे डबे बांधून, जर्मनीकडे सोडले जाऊ लागले. तिथेही फुगे भरणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या, नौदलाच्या महिला शाखेतल्या ‘रेन’. सप्टेंबर १९४४ पर्यंत त्यांनी ९९,१४२ फुगे सोडले. १२ जुलै १९४२ ला अशाच एका तारेमुळे लाइपझिगजवळच्या वीजवाहिनीत शॉर्टसर्किट झालं आणि ब्योलेनचं वीजकेंद्र जळालं.

उतरवताना सगळं उलट क्रमाने, पण जास्त सावध. हुकूम फोनवरून येतो, कारण आपल्याच विमानांनाही या तारांचा धोका असतो. विंच एका लयीत ओढतं. शेवटच्या शंभर फुटांत वेग कमी करायचा मोह होतो आणि तीच चूक. भोवऱ्यात जितका कमी वेळ तितकं बरं. दोरांची टोकं हाताच्या टप्प्यात आली की आधी वाऱ्याच्या बाजूचे दोर पकडायचे, मग दुसरे. उलट केलं तर फुगा वाऱ्याखाली लोळतो आणि पलीकडच्या मुली त्याखाली येतात.

मग बांधणं. तळाभोवती गोलात काँक्रीटचे ठोकळे आणि मेखा, त्यांना दोर, वर वाळूच्या पिशव्या. नाक वाऱ्याकडे. आणि हे बांधून झालं, अंग धुतलं, पाठ टेकली, की पहाटे वारा फिरतो. जुन्या पद्धतीत वारा फिरला की सगळ्या तुकडीला उठवून सगळे दोर सोडून, फुगा हातांनी फिरवून पुन्हा बांधावा लागे, कधी एका रात्रीत दोनदा. नंतर शेपटीच्या दोराची पद्धत आली. फुगा नाकाकडून मधल्या कप्पीला आणि शेपटीकडून तळाभोवतीच्या गोल वायरला बांधलेला. वारा फिरला की पहाऱ्यावरच्या दोघी शेपटीचा दोर त्या गोलावर पुढे सरकवतात आणि फुगा खुंट्याभोवती फिरणाऱ्या जनावरासारखा नव्या दिशेला तोंड करतो. बाकीच्या झोपून राहतात. बायकांना हे काम झेपेल का, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी या एका दोराने दिलं, आणि पुरुषांच्या तुकड्यांनाही त्याचा तितकाच उपयोग झाला.

पहारा दोन-दोन तासांचा. हातात दंडुका आणि गळ्यात शिट्टी. बंदूक ‘वॅफ’ला नव्हती. अंगावर बॅटलड्रेस, चामड्याचं जाकीट, जाड मोजे, गमबूट. पहारेकरीण फुग्याभोवती फिरते आणि हाताने कापड दाबून बघते. टणक असेल तर ठीक, पोकळ लागलं तर हवेच्या कप्प्याचं तोंड बंद झालंय किंवा वायू गळतोय. अंधारात कान महत्त्वाचा. नीट बांधलेला फुगा एका सुरात घुमतो. कुठे कापड फडफडलं की दोर ढिला आहे.

दुरुस्तीची पद्धत आपल्याकडच्या सायकलच्या दुकानासारखी. भोक शोधायचं, भोवतीचा लेप खरवडायचा, कापड पॉलिशकागदाने खरखरीत करायचं, ठिगळ गोल कापायचं (कोपरे असले की तिथून उचलतं), दोन्हीकडे सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मग मधून कडेकडे दाबत जायचं. घाई केली तर खाली हवेचा फुगवटा राहतो. मोठ्या तपासणीसाठी फुगा साध्या हवेने भरून आत माणूस पाठवत. आत अंधार आणि कापडातून येणारा करडा उजेड. जिथे बारीक छिद्र तिथे चांदणीसारखा ठिपका. बाहेरची मुलगी आतल्या आवाजावर बोट ठेवत जाते आणि खडूने खुणा करते. सोल्यूशनच्या वासाने आत डोकं गरगरतं, म्हणून आत जाणारीला थोड्याच वेळात बाहेर काढायचं, तिने ‘मी बरी आहे’ म्हटलं तरी. नशा चढलेलीला ती चढल्याचं कळत नाही.

कार्डिंग्टनचं प्रशिक्षण नोव्हेंबर १९४३ मध्ये थांबलं, तोवर तिथून सुमारे १०,००० बलून ऑपरेटर, स्त्री-पुरुष मिळून, शिकून बाहेर पडले होते. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीचे वैमानिकाविना उडणारे व्ही-१ बॉम्ब येऊ लागले तेव्हा लंडनच्या दक्षिणेला सुमारे १,७५० फुग्यांची दाट फळी उभारली गेली आणि तिने सुमारे २३० बॉम्ब अडवले. तोवर बहुतेक मुली दुसऱ्या कामांवर गेल्या होत्या.

आमच्या कवायतीत दिवस संपताना नोंदवही भरतात: वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग, फुग्याचा टणकपणा, किती वायू भरला, कोणता दोर बदलला, ड्रमवर तार कशी बसली आहे. पुढच्या पहाऱ्याला वही द्यायची आणि तिला तळाभोवती एक फेरी मारून आणायची, प्रत्येक गाठीला हात लावत. तोंडी ‘सगळं ठीक’ चालत नाही. फेरी पुरी झाल्यावर नवी पहारेकरीण सही करते, आणि मगच जुनी बूट काढते.